सगळ्यांकडे उघडणारी आकृती

घाटमाथ्यावरच्या एका बाजाराच्या गावात त्र्यंबक शेटे नावाचा एक कारागीर राहत होता. बंद पडलेली यंत्रं चालू करणं हा त्याचा धंदा. रेडिओपासून विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरपर्यंत काहीही त्याच्या टेबलावर यायचं आणि बरं होऊन घरी जायचं.

पण त्र्यंबकचं नाव झालं ते त्याच्या आकृत्यांमुळे. यंत्र उघडलं की आतली हिरवी पाटी तो आधी निरखून पाहायचा. वीज कुठून येते, कुठे जाते, कोणता भाग कोणाला जोडला आहे, हे सगळं रेषांनी काढून ठेवायचा. यालाच सर्किटची आकृती म्हणतात. आकृती हाताशी असली की दुरुस्ती करणारा डोळसपणे काम करतो. नसली की चाचपडत बसतो. त्र्यंबकच्या आकृतीत एक रेषा दुसरीला उगाच ओलांडून जात नसे. पाहणाऱ्याला वाटायचं, यंत्र इतकं सोपं होतं तर आपण घाबरलो कशाला?

बाजारात मिळणाऱ्या आकृती काढायच्या प्रोग्रॅममध्ये त्याचं मन रमेना. म्हणून त्यानं स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘सुरेख’. सुरेखमधली चिन्हं रेखीव होती. त्यात रंग होते. एखादी तार अर्धवट लोंबती राहिली तर सुरेख लगेच टोकायचा. त्र्यंबकनं तो मागेल त्याला फुकट दिला. माणूस अभिमानी होता, पण कंजूस नव्हता.

त्याच्यासारखं काम करणारे लोक राज्यभर विखुरलेले होते. त्यांनी मिळून इंटरनेटवर एक जागा उभी केली आणि तिला ‘सर्किट चावडी’ म्हणू लागले. कल्पना सरळ होती. ज्यानं आकृती काढली त्यानं ती चावडीवर ठेवायची, ज्याला लागेल त्यानं घ्यायची. कोणाचे उपकार नाहीत, कोणाची मिन्नतवारी नाही.

थोड्याच दिवसांत चावडी भरून गेली. आणि मग खरी अडचण सुरू झाली.

प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा होता. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडेना. कोणी कचेरीतल्या महागड्या प्रोग्रॅममध्ये आकृती काढायचा, ती फक्त तसल्याच कचेरीत दिसायची. कोणी कागदावर काढून फोटो टाकायचा, आणि नेमका महत्त्वाचा आकडा कागदाच्या घडीत गेलेला असायचा. मग आकृती घेणारा आकृती काढणाऱ्याला फोन करायचा, आणि तो बिचारा हातातलं काम टाकून सगळी आकृती तोंडी सांगत बसायचा. चावडीवर माणसं होती, माल होता, पण एकाचं दुसऱ्याला वाचता येत नव्हतं.

शेवटी सर्वांनी ठरवलं की यापुढे सगळ्यांनी एकाच प्रकारच्या फाइलीत आकृत्या ठेवायच्या. कोणत्या, ते त्र्यंबकनं ठरवावं. त्याच्याइतका जाणता दुसरा कोण होता?

त्र्यंबकनं ही जबाबदारी मनापासून घेतली. उपलब्ध असलेले सगळे प्रकार त्यानं तपासले. एकाच सर्किटची आकृती प्रत्येकात काढून पाहिली. आणि त्याला प्रामाणिकपणे असंच आढळलं की सगळ्यांत सरस फाइल त्याच्या सुरेखची आहे. यात लबाडी नव्हती. सुरेख खरोखरच सरस होता.

“आपल्याच विहिरीचं पाणी गोड लागलं तर त्यात आपला काय दोष?” असं तो आपल्या मित्राला म्हणाला. मित्राचं नाव विश्राम लोणारे. तांत्रिक शाळेत शिकवायचा, आणि त्र्यंबकचा शब्द त्याच्यासाठी शेवटचा असायचा.

चावडीवर बहुतेकांनी होकार दिला. फक्त एका बाईनं शंका काढली.

तिचं नाव तस्नीम मुकादम. खाडीकाठच्या एका गावातल्या ग्रामीण रुग्णालयात यंत्रांची देखभाल ती करायची. रक्त तपासायचं यंत्र, ऑक्सिजनचं यंत्र, नवजात बाळांना ऊब देणारी पेटी, सगळं तिच्याच ताब्यात. तिनं चावडीवर लिहिलं की सुरेख उत्तम आहे, पण सुरेखची फाइल सुरेखशिवाय कुठेच उघडत नाही. आणि सुरेख बसवायला चांगला संगणक लागतो. आमच्याकडचा संगणक म्हातारा आहे आणि तोही केसपेपरच्या खोलीत.

तिनं एक दुसरा प्रकार सुचवला. दिसायला तो अगदी साधा होता. रेषा काळ्या, चिन्हं जाडसर, रंग नाहीत. पण ती फाइल कोणत्याही फोनवर, इंटरनेट पाहायच्या साध्या ब्राउझरमध्ये उघडायची. शिवाय तिच्या आत सगळं साध्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: हा भाग, हा त्याचा आकडा, हा इथे जोडलाय. ज्याला वाचता येतं त्याला ती वाचता येत होती. आणि ती कोणाच्या मालकीची नव्हती.

त्र्यंबकनं तिला शांतपणे उत्तर दिलं. चांगली वस्तू वापरायची तर थोडे कष्ट घ्यावे लागतात, लोकांनी सुरेख बसवून घ्यावा, ज्याला जमणार नाही त्याला मी स्वतः फोनवर शिकवीन, असं त्यानं लिहिलं. उत्तर लोकांना पटलं. तस्नीमनंही पुढे वाद घातला नाही. निर्णय मेळाव्यात जाहीर करायचा ठरला.

चावडीचा मेळावा दर वर्षी वेगळ्या गावी भरायचा. त्या वर्षी तो तस्नीमच्या गावी होता. त्र्यंबक आणि विश्राम आदल्या दिवशीच घाट उतरून तिथे पोचले. खाडीकाठच्या शाळेचा मोठा वर्ग सभेसाठी मिळाला होता. सभा दुपारी होती. त्र्यंबकनं लॅपटॉपवर सुरेखचे गुण दाखवणारी चित्रं तयार करून आणली होती, आणि तो मजेत होता.

सकाळी शाळेच्या ओट्यावर सगळे चहा घेत असताना तस्नीमचा फोन वाजला. रुग्णालयातून सिस्टर पडवळ बोलत होत्या. तस्नीमनं कप खाली ठेवला.

रुग्णालयात आदल्या दिवशी सुगंधा नावाची एक बाई बाळंत झाली होती. ऑपरेशन करावं लागलं होतं. मूल दिवस भरण्याआधीच आलेलं, वजनानं अगदी हलकं. सकाळी त्याचं अंग पिवळं दिसू लागलं. रक्त तपासलं तर कावीळ भराभर चढत होती. अशा बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्या उजेडानं कावीळ उतरते. रुग्णालयात तसा एकच दिवा होता. सिस्टरनी बटण दाबलं, दिवा क्षणभर लागला आणि जळका वास सोडून विझला.

डॉक्टरांनी जिल्ह्याच्या रुग्णालयात फोन लावला होता. रुग्णवाहिका दारात उभी होती. पण रस्ता वळणावळणाचा आणि लांबचा. एवढ्याशा मुलाला त्यावरून न्यायचं डॉक्टरांच्या जिवावर येत होतं, आणि आईला तर हलवणंच शक्य नव्हतं. दुपारपर्यंत वाट पाहू, तोवर दिवा लागला तर ठीक, नाहीतर बाळाला न्यावंच लागेल, असं त्यांनी सांगितलं.

“मी येतो,” त्र्यंबक म्हणाला आणि लॅपटॉप काखेत मारून निघाला.

वाटेत त्यानं तस्नीमला धीर दिला. तसला दिवा त्यानं पूर्वी एकदा दुरुस्त केला होता. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि तिनं आकृती कोणाला दिलेली नव्हती. त्र्यंबकनंच पाटी पाहून पाहून ती काढली होती आणि चावडीवर ठेवली होती. “काळजी करू नका. हे यंत्र माझ्या ओळखीचं आहे,” तो म्हणाला.

दिवा उघडला. आत दोन भाग गेले होते. एक ट्रान्झिस्टर फुटला होता, पण त्याच्यावरचं नाव वाचता येत होतं आणि तसाच दुसरा तस्नीमच्या डब्यात निघाला. दुसरा भाग होता एक छोटा रोधक, म्हणजे विजेचा प्रवाह आवरून धरणारा तुकडा. तो जळून पार कोळसा झाला होता. त्याच्यावरचा आकडा गेला होता.

आणि सगळं त्या आकड्यावरच होतं. दिव्यांना वीज किती द्यायची हे तोच तुकडा ठरवत होता. कमी दिली तर उजेड फिका, बाळाला उपयोग नाही. जास्त दिली तर दिवे तापून पुन्हा जळणार.

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. अंदाजानं काही बसवता येईल का, असं त्यांनी विचारलं.

“अंदाजानं रेडिओ चालवतो मी, डॉक्टर,” त्र्यंबक म्हणाला. “बाळाच्या बाबतीत नाही चालणार. आकृती आहे. लगेच बघतो.”

त्यानं लॅपटॉप उघडला. चावडीवरून आपली आकृती उतरवून घेतली. सुरेखमध्ये उघडली.

पडद्यावर आकृती आली, पण ती ओळखू येईना. रेषा होत्या, आणि भागांच्या जागी रिकामे चौकोन होते. जिथे आकडे असायला हवे होते तिथे प्रश्नचिन्हं होती.

त्यानं फाइल बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा तेच. मग काय झालं ते त्याच्या लक्षात आलं. वर्षभरापूर्वी त्यानं सुरेख नव्यानं लिहिला होता. चिन्हं आणखी सुंदर केली होती, आतली मांडणी बदलली होती. नव्या सुरेखला जुन्या सुरेखची भाषा कळत नव्हती. आणि जुना सुरेख आता त्याच्याकडे नव्हता. नवा इतका छान जमला होता की जुना त्यानं स्वतःच पुसून टाकला होता.

सिस्टर त्याच्याकडे पाहत होत्या. डॉक्टर पाहत होते. आकृती त्याची, प्रोग्रॅम त्याचा, लॅपटॉप त्याचा, आणि तिच्यातला एक आकडा त्याला वाचता येत नव्हता. तो आकडा आठवायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला. दोन आकडे मनात येत होते, आणि दोन्ही सारखेच खरे वाटत होते.

तस्नीमनं आपला फोन काढला. थोडा वेळ काही शोधलं आणि फोन त्याच्यापुढे धरला.

“ही तुमचीच आकृती आहे, भाऊ. जुना सुरेख एका ओळखीच्यांच्या संगणकावर होता, तेव्हा बघून मी साध्या फाइलीत उतरवून घेतली होती. आमच्याकडे हेच उघडतं.”

त्र्यंबकनं पाहिलं. रेषा जाड होत्या. एका कोपऱ्यात तीन तारा गर्दी करून एकमेकींवरून गेल्या होत्या. त्यानं असं कधीच काढलं नसतं. पण त्या जळक्या तुकड्याच्या जागी चिन्ह होतं आणि शेजारी आकडा होता: शून्य दशांश सत्तेचाळीस ओहम. खात्रीसाठी तस्नीमनं तीच फाइल अक्षरांत उघडून दाखवली. तिथेही तेच लिहिलेलं होतं, साध्या ओळीत, कोणालाही वाचता येईल असं.

“हाच,” तो म्हणाला. पाहिल्यावर त्याला आठवलं.

भंगारातल्या एका जुन्या पाटीवर तसा तुकडा मिळाला. तस्नीमनं तो मीटरवर मोजून घेतला आणि जोडला. त्र्यंबकनं पाटी धरून ठेवली. बटण दाबलं तेव्हा खोलीच्या भिंती निळ्या झाल्या. सिस्टरनी उजेडाचं माप घेतलं, ते बरोबर होतं. तरीही दिवा आधी काही वेळ नुसताच चालवून पाहिला. तो तापला नाही. मग डोळ्यांवर पट्टी बांधलेलं ते इवलंसं मूल त्याच्याखाली ठेवलं. रुग्णवाहिका दारातून हलली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

बाहेर सुगंधाची सासू बसली होती. ही म्हातारी मासळी विकणारी, बोलायला मोकळी. कोणी केलं हे, असं तिनं विचारलं. तस्नीमनं त्र्यंबककडे बोट दाखवलं आणि दिव्याची आकृती यांनी काढलेली आहे असं सांगितलं. म्हातारीनं त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. त्र्यंबकला नजर वर करवेना.

दोघं शाळेकडे परत निघाले. वाटेत त्र्यंबकनं विचारलं, “सभेत हे तुम्ही सांगणार?”

तस्नीम म्हणाली, “सभेत काय सांगायचं ते सगळ्यांनी तुमच्यावर सोपवलंय. मी मधे कशाला बोलू?”

ते पोचण्याआधीच बातमी पोचली होती. पण बातमी वाटेत बदलते. शाळेत आली ती अशी, की त्र्यंबकरावांनी लॅपटॉप उघडला, सुरेखमधली आकृती पाहिली आणि दिवा चालू करून बाळाला वाचवलं. सगळा वर्ग उठून उभा राहिला. विश्राम फळ्यापाशी उभा होता, त्याचा आनंद पोटात मावत नव्हता. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा, असं तो लोकांना सांगत होता. आता सुरेखचं नाव फक्त जाहीर करायचं बाकी होतं.

खरं काय ते तिथे दोघांनाच ठाऊक होतं. त्यातली एक मागच्या बाकावर जाऊन बसली होती आणि बोलणार नव्हती. त्र्यंबकला काही खोटंही बोलावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं.

तो पुढे आला. आणलेली चित्रं लावायला पडदा तयार होता. त्यानं लॅपटॉप टेबलावर ठेवला, पण तारा जोडल्या नाहीत. त्याऐवजी त्यानं ती सकाळची फाइल उघडली आणि लॅपटॉप लोकांकडे वळवला.

पुढच्या बाकांवरच्या लोकांना रिकामे चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसली.

त्र्यंबकनं काय घडलं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. कुजबुज झाली आणि थांबली. तस्नीमच्या फोनवरची आकृतीही त्यानं फिरवायला दिली. ती हातोहात शेवटच्या बाकापर्यंत गेली.

विश्राम अस्वस्थ झाला. मित्राची पडती बाजू त्याला पाहवेना. तो म्हणाला की ही एका आवृत्तीची चूक आहे. त्र्यंबकरावांनी मनावर घेतलं तर आठवड्यात दुरुस्त करतील. एवढ्यासाठी सोन्यासारखी वस्तू टाकून देणं शहाणपणाचं नाही. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. खरं तर त्याचं म्हणणं चूक नव्हतं. त्र्यंबकला ती दुरुस्ती आठवड्यातही लागली नसती.

त्र्यंबकनं त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, “विश्राम, मी दुरुस्त करीनच. पण मी आहे तोवरच ते होईल. आज मी जवळ उभा असूनही झालं नाही. जी आकृती फक्त माझ्या हातानं उघडते, ती मी तुम्हाला दिली असं म्हणतो, पण खरं पाहता ती मी माझ्याचकडे ठेवली आहे.”



“तुम्ही मला सगळ्यांत चांगली फाइल कोणती ते ठरवायला सांगितलं,” तो पुढे म्हणाला. “मी मला सगळ्यांत चांगली कोणती ते ठरवलं. माझा निर्णय असा आहे. तस्नीमताईंनी सुचवलेली साधी फाइल चावडीची फाइल. आकृती ज्याला ज्यात काढायची त्यात काढा. चावडीवर ठेवताना मात्र ती कोणत्याही फोनवर उघडली पाहिजे, आणि आतलं सगळं कोणालाही वाचता आलं पाहिजे.”

मागच्या बाकावरून एकानं विचारलं की मग सुरेखचं काय. त्र्यंबकनं सांगितलं की सुरेखलाही साधी फाइल लिहायला शिकवीन. त्यानंच आधी शिकलं पाहिजे.

लोक हसले, आणि निर्णय झाला. संध्याकाळी सगळे जण रुग्णालयाच्या आवारातून एक चक्कर मारून आले. आत जायला मनाई होती. खिडकीतून निळा उजेड दिसत होता, तेवढा पाहून परतले. दोन-चार दिवसांत कावीळ उतरली आणि मूल आईच्या कुशीत गेलं.

त्र्यंबकचं काम मात्र आता सुरू झालं होतं. जुना सुरेख कोणाकडे शिल्लक आहे का, याची त्यानं चावडीवर विचारणा केली. एकाच्या माळ्यावरच्या बंद संगणकात तो सापडला. मग त्र्यंबकनं आपल्या आकृत्या एकेक करून साध्या फाइलीत आणायला घेतल्या.

हे सोपं गेलं नाही. साध्या फाइलीत त्याचे रंग येत नव्हते. चिन्हांना त्यानं दिलेली नाजूक वळणं येत नव्हती. जी आकृती बसवायला त्यानं कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या, ती दुसऱ्या कोणीही काढल्यासारखी दिसू लागली. काही वेळा तो फाइल तशीच अर्धवट सोडून उठायचा आणि दुकानाच्या दारात जाऊन उभा राहायचा. मग परत येऊन बसायचा. एकही आकृती त्यानं मागे ठेवली नाही.

चावडी मात्र बदलली. फोनवरून लोक येऊ लागले. ज्यांच्याकडे संगणक नव्हता तेही आले. आकृती तोंडी सांगण्याचे फोन बंद झाले. कोणी एकानं साध्या फाइलीतून यंत्राच्या भागांची यादी आपोआप काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्यानं आकृती मोठ्या अक्षरांत दाखवणारा लिहिला, म्हाताऱ्या डोळ्यांसाठी. त्र्यंबकला हे सुचलंही नव्हतं, आणि त्यासाठी त्याची परवानगी कोणी मागितली नाही. मागायचं कारणच नव्हतं.

असंच एकदा कौशल्या उईके नावाच्या बाईचा निरोप आला. ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला, जंगलपट्ट्यात, सौर दिवे आणि पंप दुरुस्त करायची. तिनं लिहिलं होतं की तुमच्या सौर पंपाच्या आकृतीवरून मी पाटी तयार केली, पण पंप चालेना. माझ्या मते एका जागी दोन तारा नुसत्या एकमेकींवरून जातात, तिथे तुम्ही ठिपका देऊन त्या जोडल्या आहेत. मी पाटीवरचा तो जोड तोडून पाहिला, पंप चालू झाला. एकदा बघाल का?

त्र्यंबकला आधी राग आला. ती आकृती त्याची आवडती होती. त्यानं तसला पंप गावातून मागवून घेतला, उघडला आणि ती जागा पाहिली. कौशल्याचं बरोबर होतं. कित्येक वर्षं ती चूक तिथेच होती. स्वतः दुरुस्ती करताना त्याला आकृती पाहायची गरज पडत नसे, आणि दुसऱ्या कोणाला ती उघडून दुरुस्त करता येत नसे. म्हणून चूक जशीच्या तशी राहिली होती.

त्यानं ठिपका पुसला. आकृतीच्या खाली त्याचं एकट्याचं नाव होतं. त्याखाली त्यानं लिहिलं: ‘दुरुस्ती, कौशल्या उईके.’ मग तिला फोन केला आणि बराच वेळ बोलला. फोन ठेवला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला वाईट वाटत नाहीये. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी आपलं काम खरोखर वाचलं, असं वाटत होतं.

पुढे त्या आकृतीखाली नावं वाढत गेली. कोणी ती कमी उन्हात चालेल अशी केली. कोणी महाग भागाच्या जागी तालुक्याला मिळणारा स्वस्त भाग बसवून दाखवला. तस्नीमनं एका कोपऱ्यात गर्दी झालेल्या तारा सरळ केल्या. आज ती आकृती त्र्यंबकनं काढली होती त्याहून कितीतरी चांगली आहे.

एकदा दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं ती भिंतीवर लावलेली पाहिली. खाली नावांची रांग पाहून त्यानं विचारलं की इतक्या नावांत ही आकृती नेमकी कोणाची.

“ही चावडीवर आहे. तुमच्या फोनवर उघडते का बघा,” त्र्यंबक म्हणाला.

त्यानं पाहिलं. उघडली.

“मग तुमचीही,” त्र्यंबक म्हणाला आणि हातातल्या पंपाचा पुढचा स्क्रू काढू लागला.

तात्पर्य: सगळ्यांसाठी निवड करताना आपल्याला सरस वाटतं ते नव्हे, सगळ्यांच्या हाती पोचेल ते निवडावं. ज्ञानाला आपलं एकट्याचं कुलूप लावलं तर एक दिवस आपणही दाराबाहेर उभे राहतो. दार उघडं ठेवलं तर आत येणारा प्रत्येक जण घर थोडं नीट करून जातो.